टोमॅटोवालीचं इंग्रजी

न्याबुबाले, ३ ऑगस्ट

कोमुहेंडो,

हे पत्र सांगतेय मी आणि लिहितेय कबासोमी अड्येरी. चौकात शिवणाचं मशीन घेऊन बसते ती. तुझ्या शाळेच्या गणवेशाची एक बाही जिने लांब शिवली होती, तीच. अक्षर बाहीपेक्षा बरं आहे म्हणतात. मला काय कळणार, मला दोन्ही सारखंच.

ती म्हणाली, "आजी, कागद कशाला वाया घालवताय? फोनवर तुमचा आवाजच पाठवू या." मी म्हटलं, नको. आवाजात मला खोटं बोलता येत नाही, कागदावर कदाचित जमेल. तेव्हा मी बोलणार, ती लिहिणार, मग कागदाचा फोटो काढून इंग्लंडात तुझ्या त्या लेस्टरला पाठवणार. कागद मी बिस्किटांच्या डब्यात ठेवणार. फोनवर तू मला दोन मिनिटांत गुंडाळतेस. तिथल्या परक्या म्हाताऱ्यांना आंघोळी घालतेस, त्यांचं सगळं ऐकून घेतेस, त्याचा पगार मिळतो म्हणे. मी फुकटातली म्हातारी. पण कागद तुला शेवटपर्यंत वाचावा लागेल.

दोन रविवारांपूर्वी तू फोन केलास आणि तो थियाच्या हातात दिलास. माझी पणती सहा वर्षांची झाली आणि पहिल्यांदा माझ्याशी बोलली. "हॅलो, हाउ आर यू?" म्हणाली. घंटीसारखा आवाज. त्यानंतर मी काही बोलले नाही आणि फोन बंद झाला, त्याचं कारण असं की लाइन खराब होती. डोंगरावर ढग बसले की असं होतं. अड्येरी इथे मान हलवतेय. तिला म्हटलं, मान नको हलवू, हात हलव.

नंतर तू अड्येरीला फोनवर सांगितलंस म्हणे, की डिसेंबरात यायचं अजून नक्की नाही. तुझं ते 'अजून' मी ओळखते. लहानपणी भांडी घासायला सांगितली की तू म्हणायचीस, "अजून नाही, आजी." ती भांडी शेवटी मीच घासली आहेत.

तर आता ऐक. चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी दुपारी मोठ्या माणसांना इंग्रजी शिकवतात. रोजचं बोलण्याचं. मी नाव घातलंय. वय विचारलं तर सांगितलं, जिने मला जन्म दिला तिला विचारा, ती चर्चच्या मागे झोपली आहे.

थियाला सांग, पणजी शिकतेय.

तुझी आजी. खाली अंगठा आहे, शाई जास्त लागली.

न्याबुबाले, २४ ऑगस्ट

कोमुहेंडो,

तीन शनिवार झाले. आम्ही अकरा बायका आणि एक पुरुष, तो म्हणजे रुबोंगोया म्हातारा. चहाच्या मळ्यात चाळीस वर्षं पानं खुडून झाली, आता त्याला गोऱ्यांना तळं दाखवायला न्यायचंय. तो बायकांच्या मधोमध बसतो आणि म्हणतो, इथे ऐकू चांगलं येतं.

शिकवणारी नाम्बोझो, देशाच्या पार दुसऱ्या टोकाची, म्बालेची. सव्वीस वर्षांची पोर, चष्मा नाकावर आणि नाक वर. पण जीव लावून शिकवते.

इंग्रजीत लोक एवढा वेळ काय बोलतात ते आता मला कळलंय. हवेबद्दल बोलतात. "नाइस डे, इजन्ट इट?" म्हणजे आज दिवस छान आहे, नाही का? मी म्हटलं, समोरच्याला डोळे नाहीत का? नाम्बोझो म्हणाली, "आजी, त्याला माहीत असतं, पण म्हणायचं." आणि कुणी जेवायला वाढलं आणि नको असेल, तर सरळ नको म्हणायचं, वर आभार मानायचे. "नो, थँक यू." ज्याचं खाल्लं नाही त्याचे आभार कसले? पण घरी परतणाऱ्याला "वेलकम बॅक" म्हणतात ते मला आवडलं. बाजारातून मीठ घेऊन आलेल्या माणसालासुद्धा म्हणावं, आपण म्हणतोच.

मग दुकानाचा धडा झाला. रुबोंगोया गिऱ्हाईक आणि मी टोमॅटोवाली. खरे टोमॅटो आणले होते, माझ्याच वाफ्यातले. तो म्हणतो, "हॅव यू गॉट टोमॅटोज?" मी म्हणायचं, "येस. आय हॅव. कम अँड टेक." हो, आहेत माझ्याकडे. या आणि घेऊन जा. मी म्हटलं, अरे, समोर ढीग दिसतोय आणि विचारतोस काय? तो म्हणाला, "अब्वोली, इंग्रजीत विचारल्याशिवाय काही दिसत नाही." सगळ्या बायका हसल्या. पण ते वाक्य माझ्या तोंडात असं बसलंय की आता शेळी जरी दारात आली तरी तिला मी तेच म्हणते.

पण सुरुवातीलाच माझं आणि नाम्बोझोचं भांडण झालं. पहिल्या धड्यालाच. तिने शिकवलं, हाउ आर यू, आय ॲम फाइन थँक यू. सगळ्यांनी दहादा म्हटलं. मी वाट बघत बसले. मग विचारलं, "बाई, हे अर्धंच शिकवलंस."

"कुठलं अर्धं, आजी?"

"एम्पाको कुठे गेला?"

ती म्हणाली, "इंग्रजीत एम्पाको नसतो."

"मग ते एकमेकांना काय म्हणतात?"

"नाव घेतात."

"नाव तर पोलिसही घेतो," मी म्हटलं.

तिच्या मुलखात नाही म्हणे ही पद्धत. तेव्हा मी तिला बसवून सांगितलं. नाव वेगळं. नाव शाळेच्या वहीसाठी, दवाखान्यासाठी. एम्पाको मायेसाठी. आम्हा सगळ्या टोरो माणसांत मिळून बाराएक आहेत, त्यांतला एक मूल तान्हं असतानाच घरचे देतात. मी अब्वोली, चौकातली शिवणवाली अड्येरी, हा रुबोंगोया बसलाय तो अराली. माणूस भेटला की आधी विचारायचं, तुझा एम्पाको काय? मग तो घालून विचारपूस करायची. एम्पाकोशिवाय "कशी आहेस" म्हणणं म्हणजे दारात उभं राहून आत न येता बोलणं. रागावलेलं माणूस तसं बोलतं. नाम्बोझोने ते वहीत लिहून घेतलं. मग विचारलं, मला मिळेल का एक? म्हटलं, आधी इंग्रजी नीट शिकव, मग बघू.

कोमुहेंडो, आता एक सांगते. लाइन खराब नव्हती.

थियाने विचारलं कशी आहेस, आणि मी थांबले. आता ती माझा एम्पाको विचारेल, मग मी बोलेन, असं मनात. माझ्या तोंडात सत्तर-पंचाहत्तर वर्षांची सवय आहे, ती एका 'हॅलो'ने थोडीच जाते? ती पोरही थांबली. शिकवलेली आहे, मोठ्यांना आधी बोलू देते. अशा आम्ही दोघी थांबलो. मला तिचा श्वास ऐकू येत होता. मधे बिस्किट चावल्याचा आवाजसुद्धा आला, इतकी चांगली लाइन होती.

हे तिला सांग. टोमॅटोंचंही सांग.

आजी. अंगठा.

न्याबुबाले, १४ सप्टेंबर

कोमुहेंडो,

तुझं उत्तर आलं. अड्येरीने मशीन थांबवून वाचलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनीही ऐकलं. आता गावाला माहीत आहे. बरं झालं, पुन्हा सांगायला नको.

तू लिहिलंस की थियाने विचारलं, पणजीला मी आवडत नाही का. आणि तू लिहिलंस, "आजी, थांबलीस वगैरे ठीक आहे. पण तू तिच्याशी तेच केलंस जे माझ्याशी केलंस. एकदा मी सोसलं. माझ्या मुलीला ते सोसायला मी एवढ्या लांब आणणार नाही."

बरं.

शेळीला दोन करडं झाली. एक काळं आहे आणि एक काळ्याहून काळं. फिरिंद्याच्या आमटीसाठी घेवडा या वर्षी चांगला आलाय. परवा भिजवून सालं काढत बसले होते, नखं दुखली. पूर्वी तू काढायचीस, सालं माझ्या अंगावर उडवायचीस. रुबोंगोयाला पहिलं गिऱ्हाईक मिळालं, दोन जर्मन. त्यांना तळ्यापाशी नेऊन तो म्हणाला, "नाइस डे, इजन्ट इट?" आणि पाऊस पडत होता. ते इतके हसले की त्याला जेवायला घातलं. आता तो पाऊस असला की मुद्दाम म्हणतो.

नाम्बोझोने आम्हाला "नेव्हर माइंड" शिकवलं. जाऊ दे, मनावर घेऊ नको, असं. फार सोयीचं आहे.

तू निघालीस त्या सकाळबद्दल विचारशील तर मला आठवत नाही. म्हाताऱ्या माणसाला विसरायची मुभा असते. तू आणि ती सकाळ, दोघींना मी नेव्हर माइंड म्हणते.

थियाला म्हणावं, करडांना नावं सुचव.

आजी. अंगठा.

*कोमुहेंडो, हे मी अड्येरी माझ्या मनाने लिहिते. आजींना वाचता येत नाही म्हणून धीर केला. तुझं पत्र त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. मग उठून टॅक्सीच्या थांब्यावर गेल्या आणि फणसाच्या झाडाखाली दुपारभर बसल्या. कुणी विचारलं तर सांगायच्या, मीठ यायचंय. पाच टॅक्स्या आल्या, मीठ कशात नव्हतं. आणि दर पत्राला मी विचारते, आजी, वरती हिचा एम्पाको लिहू ना? त्या म्हणतात, मी सांगते तेवढंच लिही. आज पत्र वाचून दाखवताना मी हा भाग गाळणार आहे.*

न्याबुबाले, ५ ऑक्टोबर

कोमुहेंडो,

अड्येरीने मागच्या पत्राच्या तळाशी स्वतःचं काहीतरी घुसवलंय. वाचून दाखवलं तेव्हा अंगठ्याच्या खाली एवढी शाई कशाला, असं मी विचारलं तर म्हणाली, ती नक्षी आहे. मी निरक्षर आहे, आंधळी नाही. काय लिहिलंस ते मी विचारलेलं नाही. पण आज ती शिंप्याची कात्री टेबलावर आपटून म्हणाली, "आजी, नाव तर पोलिसही घेतो, हे तुमचंच ना? मग नऊ वर्षं तुम्ही पोरीला फोनवर, आणि आता पत्रात, पोलिसासारखी हाक मारताय. मी यापुढे लिहिणार नाही." मी म्हटलं, आज लिही. आजचं ऐकून ठरव.

गेल्या शनिवारी "सॉरी"चा धडा होता. तो तर मला येतो असं मी सांगितलं. कुणी ठेचकाळलं, कुणाचं दूध सांडलं, तर आख्खा चौक म्हणतो सॉरी, सॉरी. लागलेल्याला बरं वाटतं. नाम्बोझो म्हणाली, "आजी, कोमुहेंडो राहते तिथे ज्याने पाय दिला तो म्हणतो." आणि जोड्या लावल्या. रुबोंगोयाने माझ्या पायावर पाय द्यायचा होता हळूच, त्याने दिला तो खरा, बुटासकट. मी कळवळले. सवयीने सगळ्या बायका ओरडल्या सॉरी, सॉरी. नाम्बोझो म्हणाली, "तुम्ही गप्प बसा. अराली, तुम्ही म्हणा." तो उभा राहिला. तोंड उघडलं, मिटलं. चाळीस वर्षं मळ्यात काढलेला माणूस, त्याला घाम फुटला. मी त्याच्याकडे बघत होते आणि माझ्या मनात आलं, हा एवढासा शब्द, सगळ्यांनी मिळून म्हटला की हलका, एकट्याने म्हटला की केवढा जड.

घरी आले. तुझी ती सकाळ मला आठवत नाही असं मी लिहवलं होतं. आता सांगते काय आठवतं.

फणसाखाली टॅक्सी उभी होती. तुझी निळी पेटी टपावर बांधली होती, दोरी माझ्या शेळीची. रात्रीचा पाऊस झालेला, जमीन चिखल. तू इंग्लंडला जाणार हे मला तीन दिवस आधी सांगितलंस, त्यावरून आपण तीन दिवस भांडलो, आणि तुला मी वाटेल ते बोलले. टॅक्सीत सगळे बसले होते. तू नवी पँट घातली होतीस. त्या पँटसकट तू चिखलात गुडघे टेकलेस, पोरीने टेकावेत तसे, आणि म्हणालीस, "अब्वोली, मी निघते." मग तू वाट बघितलीस. टॅक्सीतल्या बायकांनीही बघितली.

मी म्हटलं, "नीट जा, कोमुहेंडो."

शाळेत हजेरी घेतात तसं. तू उठलीस. गुडघ्यांवर चिखलाचे दोन गोल होते, ते तू पुसले नाहीस. मला वाटलं, मागे वळून बघशील. खिडकीत तू पाठमोरीच होतीस.

आता का म्हटलं ते सांगते, कारण तुला वाटतं मला राग होता. खोटं कशाला बोलू, राग होताच. पण त्याखाली दुसरं होतं. तू तीन वर्षांची होतीस तेव्हा तुझी आई त्याच फणसाखालून कंपालाला कामाला गेली. तिला मी किती मायेने पाठवलं. एम्पाको घालून हाक मारली, डोक्यावर हात ठेवला, चार भाकरी बांधून दिल्या, काही म्हणजे काही मागे ठेवलं नाही. पाच महिन्यांनी ती ट्रकमधून आली, शवपेटीत. तिचं सगळं तिच्याबरोबर गेलं होतं, तिला परत यायला कारण उरलं नव्हतं, असं माझ्या डोक्यात बसलं. वेडेपणा आहे, मला कळतं. पण जो माणूस घरी छत्री विसरतो तो परत येतो, हे मी आयुष्यभर बघितलंय. तुझी आई काही विसरली नव्हती.

म्हणून तुझा एम्पाको मी ठेवून घेतला. म्हटलं, याच्यासाठी तरी येईल.

तू आली नाहीस. आणि एकदा ठेवून घेतल्यावर तो फोनवर कसा देऊ? मग तू कशाला येशील? असं करत करत नऊ वर्षं गेली. इतकी वर्षं मनात मी सॉरी म्हणत आले, पण चौकातल्यासारखं. बिचारी, किती लागलं तिला, जशी काही तू आपसूक पडली होतीस.

पाय मी दिला होता. आय ॲम सॉरी. अड्येरी, हे इंग्रजीतच राहू दे, आपल्या बोलीत माझ्या तोंडून नीट निघत नाही.

आणि आता वर जा. पहिली ओळ खोड. नाही, कागद नवा नको, खोड म्हणजे खोड, तिला दिसू दे खोडलेलं. त्याच्याशेजारी लिही:

अकीकी.

लिहिलंस? दाखव. एवढंसंच दिसतं का ते? मला वाटलं मोठं असेल.

आजी. आज अंगठा दोनदा उठवते.

न्याबुबाले, २ नोव्हेंबर

अकीकी,

चार आठवडे झाले. अड्येरी म्हणते तुझ्या फोनवर निळी खूण आली, म्हणजे वाचलंस. निळी खूण म्हणजे काय, राग की बरं? ती म्हणते दोन्हीला निळीच येते. कसली ही यंत्रं.

मी तुला घाई करत नाही. नऊ वर्षं मी घेतली, चार आठवडे तू घे. सहासुद्धा घे. मी मरणार नाही, घेवड्याची दुसरी पेरणी झाली आहे, ती काढायची आहे.

एक विचारायचं राहिलं. थियाला एम्पाको दिलाय का कुणी? तिचा बाप मार्लन भला माणूस आहे, पण त्याच्या लोकांत हे नसतं, हे मला माहीत आहे. रुबोंगोयाला विचारलं, कारण या गोष्टीत तो स्वतःला राजदरबारचा समजतो. तो म्हणाला, "एम्पाको बापाच्या घराण्याने द्यायचा असतो, अब्वोली. तुझा काय अधिकार?" मी म्हटलं, "बापाच्या घरी चूल नाही म्हणून पोरीला उपाशी ठेवायचं का?" तो बराच वेळ कॉफीच्या बिया चघळत बसला. मग म्हणाला, "बाजरीची भाकरी आणि धुरातलं मांस करणार असशील, तर मी त्या दिवसापुरता बापाच्या घराण्याचा होतो."

म्हणजे इकडची तयारी झाली. तुझं ते 'अजून' कुठवर आलंय, कळव.

आजी. अंगठा.

न्याबुबाले, ३० नोव्हेंबर

अकीकी,

काल फोनवर जे झालं ते तुला माहीत आहे, तू तिथेच होतीस. पण तू एका टोकाला होतीस, मी दुसऱ्या. माझ्या टोकाला काय झालं ते डब्यात राहायला हवं, म्हणून सांगते.

शनिवार होता, वर्ग भरलेला. अड्येरी दुकान उघडं टाकून धावत आली, गळ्यात फीत, हातात फोन. म्हणाली, "आजी, लेस्टर." नाम्बोझोने फळ्यावर लिहायचं थांबवलं. मी फोन कानाला लावला. म्हटलं तूच असशील. तर घंटी वाजावी तसं, "हॅलो. हाउ आर यू?"

अकीकी, मला सगळं येत होतं. आय ॲम फाइन थँक यू येत होतं, नाइस डे येत होतं, तीन महिने शेळीसमोर पाठ केलेलं. ते सगळं कुठे गेलं कोण जाणे. पुन्हा तेच व्हायला लागलं, माझं थांबणं. समोर वर्गातल्या दहा बायका श्वास धरून. नाम्बोझो ओठांनी दाखवतेय, फाइन, फाइन. आणि मला दिसायला लागलं की ही पोरगीही पुन्हा बिस्किट हातात धरून बसली असेल, पणजीला आपण आवडत नाही असं समजून.

तेव्हा मी इंग्रजी सोडलं नाही आणि आपलंही सोडलं नाही. जे सापडलं ते जोडलं. म्हटलं, "व्हॉट इज युअर एम्पाको?"

ती म्हणाली, "आय हॅवन्ट गॉट वन."

नाम्बोझोने सांगायच्या आधी मला कळलं. माझ्याकडे नाही, असं. गिऱ्हाइकासारखंच बोलली.

मग ती आणखी काही म्हणाली, ते लांब होतं. मी फोन नाम्बोझोच्या कानाला लावला आणि पुन्हा म्हण म्हटलं. त्या चष्मेवालीने ऐकलं. मग म्हणाली, "आजी, ती म्हणतेय, मम्मी म्हणते तो तुझ्याकडे आहे. माझा आणि मम्मीचा, दोन्ही तुझ्याकडेच आहेत. खरं का, असं विचारतेय."

रुबोंगोया उठून उभा राहिला. सगळ्या वर्गाला माहीत होतं याचं उत्तर काय, मीच त्यांना दर शनिवारी म्हणून दाखवत होते. पण कुणी सांगितलं नाही. बायकांना कधी गप्प बसायचं ते कळतं, पुरुषाला नाम्बोझोने हात दाखवून बसवलं.

मी फोन परत घेतला आणि म्हटलं, "येस. आय हॅव. कम अँड टेक."

ती म्हणाली, "ओके."

एवढंच. ओके. जसं काही चौकातून वळून घ्यायचंय. मग फोन तू घेतलास आणि तुला बोलता येईना, तेव्हा मला कळलं हे थांबणं आपल्या घराण्यातच आहे. आणि मग तू म्हणालीस, "अब्वोली." नऊ वर्षांनी. मी काय म्हटलं ते तू ऐकलंस, ते कागदावर नको, अड्येरीची शाई पसरेल. ती आताच नाक ओढतेय.

चौदा डिसेंबरची तिकिटं काढली म्हणालीस. 'अजून' म्हटलं नाहीस, माझं लक्ष होतं.

एन्टेबीच्या विमानतळावरून इथवर दिवस जाईल, संध्याकाळी पोहोचाल. मी फणसाखाली असेन. मीठ यायचंय असं कुणाला सांगणार नाही. उतरल्यावर गुडघे टेकू नकोस, थंडीतल्या देशाची झालीस, हाडं आखडली असतील. टेकायचेच असतील तर जुन्या पँटवर टेक. आधी तुझा देईन, तोही सगळ्या टॅक्सीला ऐकू जाईल असा, कारण घेतला तेव्हाही सगळ्या टॅक्सीने ऐकलं होतं. थियाचा दुसऱ्या दिवशी सकाळी, भाकरी आणि मांस झाल्यावर. कुठला द्यायचा ते तिचं तोंड बघून ठरवू. माझ्या मनात एक आहे, पण इथे सांगत नाही. अड्येरीच्या पोटात काही राहत नाही, ते तिच्या मागच्या नक्षीवरून मला कळलंय.

आणि परत निघाल तेव्हा, कारण निघाल हे मला माहीत आहे, तेव्हा मी काही ठेवून घेणार नाही. दोघींचे दोन्ही बरोबर न्या. छत्री विसरायची असेल तर तुमच्या मनाने विसरा.

एक सांगायचं राहिलं. तू रडत होतीस आणि मी गप्प होते, तेव्हा मागे कुठेतरी कडकन आवाज झाला. थियाने बिस्किट चावलं. लाइन चांगली होती.

तुझी आजी,
अब्वोली. अंगठा.